बारमाही रस्ता, हंगामी माणसं

सरकारी पुस्तकात आमच्या गावाला एक ओळ आहे. जिल्हा जनगणना पुस्तिका नावाचा हा ग्रंथ १९५१च्या जनगणनेपासून निघतो. त्यात जिल्ह्यातल्या प्रत्येक महसुली गावाचा संसार आडव्या रांगेत मांडलेला असतो: क्षेत्रफळ, कुटुंबं, पुरुष, स्त्रिया, शाळा, दवाखाना, पाणी, टपाल, पक्का रस्ता, बस, रेल्वे. २०११च्या पुस्तिकेत ऑटो, टॅक्सी, ट्रॅक्टर, एवढंच काय, जनावरांनी ओढायच्या गाड्यांनाही रकाने होते. जी सोय गावात नाही तिच्यापुढं अंतराचं अक्षर टाकायचं. पाच किलोमीटरच्या आत मिळत असेल तर ए, पाच ते दहाच्या दरम्यान बी, दहाच्या पुढं सी.

हे रकाने कसे भरले जातात ते मला चांगलं माहीत आहे. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात जिल्हा परिषदेच्या शाळांवर माझी सगळी नोकरी झाली. १९९१ला मी नवखा प्रगणक होतो, २०११ला पर्यवेक्षक. शिवाय आमच्या मुक्कामी गाडीवर वर्षानुवर्षं कंडक्टर असलेला माणूस माझा वर्गमित्र. त्यामुळे गावाच्या माणसांचा हिशोब माझ्याकडे आणि गावच्या गाडीचा त्याच्याकडे, अशी आमची वाटणी होती. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर निम्मं गाव माझ्या ओट्यावर भांडायला येईल.

रेल्वेचा रकाना भरणं हे तहसीलमधलं सगळ्यांत लाडकं काम. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी कोरी पानं पुढ्यात ओढली आणि गावांची नावं लिहायच्याही आधी वरपासून खालपर्यंत सी, सी, सी लिहीत सुटले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. "गुरुजी, इथं चुकायची सोयच ठिवली नाही सरकारनं," ते म्हणाले. खोटं नव्हतं. जिल्ह्यात रेल्वे होती ती परळीच्या बाजूला. आमच्याकडच्या लोकांनी रेल्वे पाहिली ती दौंडला, नाहीतर पंढरपूरच्या वारीत. नगर–बीड–परळी मार्गाला मंजुरी मिळाली नव्वदच्या दशकात, आणि त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत ती गाडी भाषणांतून धावत राहिली. खरी गाडी नगरहून आष्टीपर्यंत आली २३ सप्टेंबर २०२२ला आणि बीडपर्यंत १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. आता पुढच्या पुस्तिकेत काही गावांपुढचा सी पुसावा लागेल. भाऊसाहेब निवृत्त झाले, वाचले.

बसच्या रकान्याला मात्र डोकं लावावं लागायचं. तो भरताना तलाठी, ग्रामसेवक आणि सरपंच अशी त्रिमूर्ती ग्रामपंचायतीत बसली होती; अक्षर बरं म्हणून मला लिहायला बसवलं होतं. प्रश्न साधा होता, गावात बस येते का? तलाठी भाऊसाहेब म्हणाले, येते, मागच्या अहवालात येते असंच लिहिलंय. सरपंच म्हणाले, नाही लिहा, येते म्हटलं तर रस्ता कोण देईल? ग्रामसेवक म्हणाले, दसऱ्यापासून आखाडापर्यंत येते, पुढं ओढ्याला पाणी असतं तवर फाट्यावरून माघारी जाते. फॉर्मात दोनच उत्तरं होती, आहे किंवा नाही. आषाढापासून दसऱ्यापर्यंत नाही, असं लिहायला जागा नव्हती. बराच वेळ खल झाल्यावर "आहे" लिहिलं गेलं, कारण आधीच्या अहवालाच्या विरोधात लिहायचं तर खुलासा द्यावा लागतो आणि खुलासा लिहायचा कंटाळा तिघांनाही सारखाच होता. पुस्तिकेत वाचणाऱ्या कुणा संशोधकाला आमच्या गावात बारमाही बस दिसली असेल, तर तिचं श्रेय त्या कंटाळ्याला आहे.

एस.टी.चा इतिहास सांगताना सगळे १ जून १९४८ला नगरहून पुण्याला निघालेल्या पहिल्या गाडीपासून सुरुवात करतात. त्या दिवशी आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. नगरच्या पुढं थोडं आलं की सरहद्द. आमच्या आजोबांच्या तोंडी असायची ती निजामाची गाडी. हैदराबाद संस्थानानं १९३२ सालीच रेल्वे खात्याच्या आधारानं सत्तावीस बसगाड्या सुरू केल्या होत्या. पुढं मराठवाड्याची राज्य परिवहन सेवा, विदर्भातली सेवा आणि मुंबई राज्याचं महामंडळ असं एकत्र होऊन १९६१मध्ये आजचं महामंडळ झालं. म्हणजे आमची लालपरी सवतीची लेक. हा मुद्दा मी कंडक्टर मित्रापुढं काढला की तो चिडायचा. "कुणाची का लेक असंना, डिझेल तर आगारातच भरावं लागतं ना?"

गावात गाडी यायची तर ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, ठरावानंतर निवेदनं लागतात, निवेदनांनंतर एखादा आमदार लागतो आणि शेवटी आगाराचा माणूस रस्ता बघायला येतो. आमच्याकडे आला तेव्हा अख्खं गाव त्याच्या मागं. त्यानं रस्त्याकडे फार पाहिलंच नाही. फरशीपुलाची रुंदी पाहिली, झाडाच्या फांद्या पाहिल्या, विजेच्या तारा पाहिल्या आणि मारुतीच्या पारापाशी येऊन विचारलं, "गाडी वळवणार कुठं?"

यावर कुणी विचारच केला नव्हता. गाडी येईल एवढं सगळ्यांना कळत होतं, ती परत जायची आहे हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. पारासमोरच्या मोकळ्या जागेत एका घराचा उकिरडा होता आणि त्या जागेवरून दोन भावांचा जुना दावा. एकानं उकिरडा हलवायचं कबूल केलं तर दुसऱ्याचा हक्क शाबीत होईल, म्हणून दोघंही हलवायला तयार नव्हते. तंटामुक्ती समिती तेव्हा जन्मली नव्हती. शेवटी म्हाताऱ्या आईनं दोन्ही सुनांना हाताशी धरून पाट्यांनी खत उपसलं आणि धाकट्याच्या शेतात नेऊन टाकलं. थोरला म्हणाला, खत त्याला आणि गाडी गावाला, मला काय? त्याला उत्तर मिळालं ते असं की गाडीची पहिली आरती त्याच्या बायकोच्या हातानं झाली. ड्रायव्हरनं नारळ फोडला, कंडक्टर मागं उभा राहून शिट्टी वाजवत होता, गाडी वळली. गावानं त्या वळण्याला टाळ्या वाजवल्या. येण्याला नव्हत्या वाजवल्या.

पुढं तीच गाडी मुक्कामी झाली. मुक्कामी गाडी ज्या गावाला असते त्याचा रुबाब वेगळा असतो. शेजारच्या गावचे लोक सकाळी बॅटऱ्या घेऊन आमच्या पाराशी चालत येत, आणि आमची पोरंटोरं त्यांना जागा धरून ठेवण्याचे उपकार करत. संध्याकाळी गाडीतून तालुक्याचा पेपर, कुणाच्या बी.पी.च्या गोळ्या, शिवणाऱ्या बाईच्या रिळा, लग्नाच्या पत्रिका असं काय काय उतरायचं. सकाळच्या फेरीला तालुक्याला खोली करून शिकणाऱ्या पोरांचे डबे जायचे. प्रत्येक डब्यावर नाव, आणि नाव पुसलं गेलं तर कडीला बांधलेल्या चिंधीच्या रंगावरून ओळख. डबा चुकून दुसऱ्याकडे गेला की त्या घरी आदल्या रात्री काय शिजलं होतं ते साऱ्या तालुक्याला कळायचं.

ड्रायव्हर-कंडक्टरच्या जेवणाची पाळी घरोघर ठरलेली नव्हती, पण ठरल्यासारखी होती. झोपायला उन्हाळ्यात गाडीचा टप, थंडीत शाळेची पडवी. शाळेची किल्ली माझ्याकडे, म्हणून आमची दोस्ती शाळकरी वयापेक्षा त्या पडवीत जास्त वाढली. रात्री तो वेबिल काढून हिशोब जुळवायचा आणि मी कंदिलापाशी हजेरीपट. मशीन नव्हती तेव्हाची गोष्ट. पत्र्याच्या ट्रेमध्ये रंगीत तिकिटांचे गठ्ठे, प्रत्येकाला चाप आणि शेवटचा नंबर वेबिलात उतरवायचा. त्या आकड्यांच्या खेळात तो माझ्यापेक्षा हुशार होता. एक गोष्ट त्यानं मला फार लवकर शिकवली: "गुरुजी, आगाराला गाव कळत नाही. आगाराला भारमान कळतं." शंभर टक्के बाकांपैकी किती टक्के बाकांचं तिकीट फाटलं, एवढाच तो हिशोब. गाडीत माणसं किती बसली याला किंमत नाही. किती किलोमीटरपर्यंत बसली त्याला आहे.

एकदा रात्री वस्तीवरच्या एका बाप्याला साप चावला. बैलगाडी जुंपायला निघालेल्यांना ड्रायव्हरनं थांबवलं आणि गाडी चालू केली. रोग्याबरोबर जावं म्हणून आधी भाऊ चढला, मग चुलते, मग सासुरवाडीचे, मग नुसतेच काळजीचे. गाडी गच्च. कंडक्टरनं ओढा ओलांडल्यावर आतला दिवा लावला आणि ट्रे काढून तिकिटं फाडायला लागला. लोक खवळले. माणूस मरायला टेकलाय आणि ह्याला तिकिटाची पडलीय! तो शांत होता. "लॉगशीटवर किलोमीटर पडायलेत. गाडी चोरून नेली असं उद्या लिहून येईल. तिकीट फाटलं तर ती फेरी." रोग्याचं तिकीट त्यानं स्वतःच्या खिशातून फाडलं. तालुक्याला सरकारी दवाखान्यात लस मिळाली, माणूस वाचला, गाडी उजाडायच्या आत परत पाराशी लागली आणि रोजची फेरी वेळेवर सुटली. विनापरवाना फेरीबद्दल दोघांना मेमो आला. खुलासा माझ्या अक्षरात आहे. त्यात शेवटी एक वाक्य कंडक्टरनं हट्टानं घालायला लावलं, की सदर फेरीचं भारमान हे या मार्गावरील चालू महिन्यातील सर्वोच्च आहे. पुढं काही झालं नाही. वर कुणीतरी हसलं असणार.

माणसांच्या वयाचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण तिथं कंडक्टर मित्राचं खातं आणि माझं खातं एकमेकांत मिसळतात. जनगणनेत वय विचारायचं म्हणजे इतिहास काढायचा. प्रशिक्षणातही तेच सांगतात: जन्मसाल आठवत नसेल तर मोठ्या घटना विचारा. आमच्याकडच्या घटना ठरलेल्या. रझाकारांच्या वेळी केवढी होतीस? बाहत्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर गेलास तेव्हा लग्न झालं होतं का? किल्लारीच्या भूकंपाला थोरली किती वर्षांची? तरीही उत्तरं यायची ती पन्नास, पंचावन्न, साठ. शून्य आणि पाच यांच्यावर आमच्या लोकांचा इतका जीव, की मधल्या वयांत कुणी जगतच नाही असं वाटावं. लोकसंख्याशास्त्राच्या पुस्तकात या खोडीला निर्देशांक आहेत.

शिकलेल्यांचं वेगळं. आमच्या गावात निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला. हे आम्हा मास्तरांचं कर्तृत्व. पोरगं पहिलीला बसवायचं तर शाळा उघडताना वय पुरं भरलं पाहिजे, म्हणून दाखल्यावर सरसकट १ जून. एस.टी.चाही वाढदिवस तोच, हा निव्वळ योगायोग. तिचा दाखला आम्ही नाही भरला.

तर एक तात्या होते. २००१च्या मोजणीत माझ्यापुढं त्यांनी साठ सांगितलं. थोड्याच दिवसांत कंडक्टरनं येऊन विचारलं, "तात्याचं वय तू किती लिव्हलं? माझ्या गाडीत पासष्ट सांगून अर्धं तिकीट मागायलाय." मी सांगू शकत नव्हतो. जनगणना कायदा १९४८चा, त्याच्या पंधराव्या कलमानं फॉर्मातली माहिती कुणाला दाखवता येत नाही, कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही. मी कायदा सांगितला, तो म्हणाला, "म्हंजी साठच असंल." २०११ला तात्यांनी पुन्हा पासष्ट सांगितलं, म्हणजे मधल्या दहा वर्षांत ते पाचानंच वाढले. आणि २६ ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरच्या पुढच्यांना एस.टी. फुकट झाली तेव्हा तात्या पहिल्याच आठवड्यात आधार कार्ड दाखवत पंढरपूरला जाऊन आले. हिशोब करून पाहिला. या खेपेला तो बरोबर होता.

आता मुद्द्याचं. आमच्या गावाची खरी वाहतूक एस.टी. करत नाही. ती करतात ट्रक आणि ट्रॅक्टर. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या (आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात) संसार बांधून पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊसतोडीला निघतात. भांडी, कोंबड्या, शेळी, चूल पेटवायला लागणारं सरपणसुद्धा ट्रॉलीत. तान्ही पोरं बरोबर जातात. शाळेतल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तिच्यामुळे काही मागं राहतात, आजीपाशी. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की गाव मार्च-एप्रिलमध्ये भरतं. तोवर गावात म्हातारी माणसं, पोरं, मास्तर, दुकानदार आणि कुलपं.

आणि देशाची जनगणना होते फेब्रुवारीत. २०११ला ९ ते २८ फेब्रुवारी. कुलपं मोजायला यापेक्षा चांगला महिना शोधून सापडणार नाही.

नियम ऐकायला सरळ आहे. जो माणूस या वीस दिवसांत थोडा वेळ जरी आपल्या घरी होता, तो घरी मोजायचा. जो सगळे वीस दिवस बाहेर होता, तो जिथं सापडेल तिथं. म्हणजे आमचे कोयते कारखान्याच्या फडातल्या कोप्यांवर (झोपड्यांवर), तिथल्या प्रगणकाच्या यादीत. तो प्रगणक त्या कोप्यांपर्यंत गेला की नाही, पहाटे गेला की कोपी रिकामी असताना दुपारी, हे त्याचं त्याला ठाऊक. माझ्या हाताखालच्या प्रगणकाचं काम एवढंच की घराला कुलूप, शेजारी सांगतात कारखान्याला, म्हणून इथं नोंद नाही. आदल्या वर्षीच्या घरयादीत त्याच भिंतींवर आम्ही गेरूनं नंबर टाकले होते. नंबर होते, माणसं नव्हती.

शेजारणींना हे पटत नसे. "गुरुजी, मव्ह्या लेकाचं नाव कामून खोडलं? त्यो काय मेलाय का?" खोडलं नाही मावशी, तो तिकडं मोजला जाईल. "तिकडं त्याला पाणी कुणी देईना, आन् मोजाया कोण बसलंय?" याला नियमपुस्तिकेत उत्तर नव्हतं.

सरपंचांची काळजी वेगळी आणि जास्त मुरलेली. गावाच्या लोकसंख्येवर ग्रामपंचायतीचे सदस्य ठरतात. पंधराशेपर्यंत सात, त्यापुढं तीन हजारांपर्यंत नऊ. आरोग्य उपकेंद्राला साध्या भागात पाच हजारांचा निकष. आणि रस्ता! पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २०००ला सुरू झाली तेव्हा साध्या भागात आधी हजाराच्या वरच्या आणि मग पाचशेच्या वरच्या वस्त्यांना बारमाही रस्ता द्यायचा असं ठरलं, २००१ची लोकसंख्या धरून. सरपंच रोज संध्याकाळी शाळेत येऊन बसायचे. "कितीवर आलं?" एवढाच प्रश्न. आकडा सांगायची मुभा नव्हती, मी चहा पाजायचो.

एक दिवस त्यांनी नियमातली फट शोधून काढली. थोडा वेळ जरी घरी असला तरी चालतं ना? मग महाशिवरात्रीला सगळे येतातच की! आमच्या डोंगरावरच्या महादेवाचा सप्ताह शिवरात्रीला उठतो. जवळच्या कारखान्यांवरचे लोक मुकादमाला सांगून, भांडून, एका रात्रीसाठी का होईना, येतात. सरपंचांनी उत्साहानं कालनिर्णय काढलं आणि पान उलटलं. २०११ची महाशिवरात्र २ मार्चला होती. मोजणी २८ फेब्रुवारीला संपत होती, आणि १ मार्चची मध्यरात्र हा संदर्भक्षण. पुढचे पाच दिवस फेरतपासणीचे, त्यात नवा जन्म आणि मृत्यू तेवढा धरायचा. शिवरात्रीला आलेला जिवंत माणूस धरायची तरतूद नव्हती. सरपंच बराच वेळ कालनिर्णयाकडे बघत बसले. मग महादेवाला उद्देशून जे बोलले ते छापता येणार नाही.

२ मार्चला पाराशी ट्रॉल्या लागल्या. गाव गजबजलं. फेरतपासणीची वही काखेत घेऊन मी त्या गर्दीतून फिरत होतो आणि ज्यांची नावं माझ्याकडे नव्हती ते लोक मला रामराम घालत होते.

२८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी असते. उघड्यावर झोपणाऱ्यांना त्याच रात्री गाठायचं. आमच्या पथकाला तालुक्याचं बसस्थानक आलं होतं. बाकड्यावर घोंगडी पांघरून एक इसम. उठवून नाव विचारलं. "कामून?" जनगणना आहे, बेघरांची. तो ताडकन बसला. "बेघर? सोळा एकर जमीन हाय माझी. तुमची मुक्कामी गाडी आज आलीच न्हाई, म्हणून पडलोय हितं." गाडी खरंच रद्द झाली होती, भारमान नाही म्हणून. आमच्याच गावच्या शेजारचा तो. घरी मोजला गेलेला होता, म्हणून सोडला.

गाडी रद्द होण्याचं कारणही तेच, हे मला तेव्हा नीट दिसलं. आगारानं मार्गाचं उत्पन्न तपासलं ते थंडीत. थंडीत गाव रिकामं. दिवाळीत याच गाडीच्या टपावर माणसं बसलेली असतात, आखाडात फाट्यापर्यंत दारात लोंबकळतात. पण तपासणीच्या कागदावर आले ते पौष-माघातले बाक. माझं खातं आणि मित्राचं खातं, दोघांनीही गावाला नेमकं कुलूप असताना भेट दिली आणि दोघांनीही प्रामाणिकपणे लिहिलं की इथं फारसं कुणी नसतं.

तांड्याची गोष्ट याहून वाकडी. महसुली यादीत ज्या गावाला नंबर आहे त्यालाच पुस्तिकेत ओळ मिळते. बेचिराख गावं, म्हणजे कधीकाळी उठून गेलेली, जिथं आज एक चूल पेटत नाही, त्यांनाही ओळ असते आणि लोकसंख्येपुढं शून्य. उलट आमच्या शिवारातल्या बंजारा तांड्यावर पोरांनी शाळा भरते, पण त्याला ओळ नाही, तो आमच्याच आकड्यात. रस्त्याची योजना मात्र वस्ती धरून चालते, महसुली गाव धरून नाही. मग तांड्याची माणसं वेगळी काढावी लागली. एकटा तांडा पाचशेत बसेना. पण नियम असाही होता की अर्ध्या किलोमीटरच्या त्रिज्येतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. शेजारी धनगरांची वस्ती, पलीकडे ओढ्याकाठी पाच-पंचवीस घरं. ग्रामसेवक टेप घेऊन उभे राहिले, पोरं टेपाचं टोक धरून पळाली, मधल्या शेताचा मालक पिकातून टेप जाऊ देईना. त्याला सांगितलं की रस्ता झाला तर तुझ्याच बांधावरून जाईल. मग तो स्वतःच टेपाचं टोक धरून इतका पळाला की टेप ढिला धरू नको, ताण, नाहीतर अंतर जास्त भरेल, असं त्याला ओरडून सांगावं लागलं. तीन वस्त्या मिळून आकडा बसला. रस्ता झाला, आणि चांगला झाला. डांबरावरून पहिल्यांदा चालताना तांड्यावरच्या बायांनी चपला हातात घेतल्याचं मी पाहिलंय.

रस्ता झाला म्हणून गाडी वाढली का? नाही. रस्ता झाल्यावर आल्या काळ्या-पिवळ्या जीपा, मग ॲपे, मग घरोघर मोटरसायकली. घरयादीत घरात काय काय आहे ते विचारायचं असतं. सायकल, स्कूटर-मोटरसायकल, कार-जीप-व्हॅन. दारात जीप उभी, टायरला लिंबू-मिरची, आणि मालक सांगतोय, "आपली न्हाई, मेव्हण्याची हाय, उभी केलीय." मेव्हण्याच्या गावच्या प्रगणकाला मी सहज विचारलं. तिथं मेव्हणा सांगत होता, जीप दाजीची. दोन घरांच्या मधल्या हवेत ती जीप दिवसातून चार फेऱ्या मारत होती आणि देशाच्या मोजणीत नव्हती.

मग २०२१च्या दिवाळीत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. संप मिटल्यावर बऱ्याच गाड्या आल्या, आमची मुक्कामी आली नाही. मित्र तोवर निवृत्त झाला होता, मी त्याला टोमणा मारला तर म्हणाला, "मी आसतो तर लिव्हून दिलं आस्तं, सापवाल्या फेरीसारखं." १७ मार्च २०२३ला बायकांना अर्धं तिकीट झालं आणि चित्र पालटलं. आमच्या बाया आठवडी बाजाराला जीपनं जाईनाशा झाल्या. फाट्यापर्यंत चालत जाऊन लाल गाडीची वाट बघू लागल्या. त्यांनीच ग्रामसभेत ठराव करून घेतला. सकाळची एक फेरी परत आली. ड्रायव्हर-कंडक्टर नवे आहेत, वेबिल मशीनमधून निघतं, डब्यांना कुणी हात लावत नाही. पार मात्र तोच, गाडी वळते तिथंच.

२०२१ची जनगणना कोरोनात राहून गेली. त्यामुळे २०२४च्या सप्टेंबरात ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला तोही २०११च्याच आकड्यावर. म्हणजे कारखान्यावर गेलेले आमचे लोक अजून परत आलेले नाहीत, निदान रस्त्याच्या फाइलीत. आता १६ जून २०२५च्या राजपत्राप्रमाणे पुढची मोजणी २०२७ची, संदर्भक्षण १ मार्चचाच. माणसं मोजायची पुन्हा फेब्रुवारीत. कागदाऐवजी मोबाइल, आणि जातीचीही नोंद. माझी सून शिक्षिका आहे, तिचं नाव यादीत लागणार हे नक्की. तिनं मला विचारलं, कुलूपबंद घराला ॲपमध्ये काय दाबायचं? मी म्हटलं, ते प्रशिक्षणात सांगतील, तू मुकादमांचे नंबर लिहून ठेव.

जुने सरपंच आता थकलेत, पण ही बातमी कळताच काठी टेकत आले. पहिलं काम कालनिर्णय मागण्याचं. २०२७चं अजून निघायचं होतं, म्हणून माझ्या नातवानं मोबाइलमध्ये पाहून सांगितलं: महाशिवरात्र ६ मार्च.

"म्हंजी पुन्हा हुकली," ते म्हणाले.

नव्या सरपंचबाई तिथंच होत्या. त्यांनी विचारलं, सप्ताह आधी घेता येणार नाही का? फेब्रुवारीच्या मध्यात? भजनी मंडळाच्या अण्णांनी कानावर हात ठेवले. महादेवाची तारीख सरकारसाठी बदलायची? सरपंचबाई म्हणाल्या, महादेवाची कोण बदलतंय, गावजेवण आधी घालू, कीर्तन ठेवू, लोक जेवायला तर येतील. यावर मुकादमाच्या पोरानं, जो इतका वेळ दाराशी उभा राहून ऐकत होता, हिशोबाचा प्रश्न काढला: एका रात्रीसाठी टोळी आणायची म्हणजे दोन दिवसांची तोड बुडणार आणि ट्रॅक्टरचं डिझेल वेगळं, ते कोण देणार? जुन्या सरपंचांनी वळून मला विचारलं, "गुरुजी, तुमच्या त्या मित्राला विचारा की, टोळी आणायला एस.टी. बुक केली तर भाडं किती पडंल? बायांना तर अर्धंच हाय."

मी फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बुकिंगच्या गाडीला सवलत लागत नाही, पूर्ण भाडं पडेल. पण भारमान शंभर टक्के धरतात.